स्पेनची सुट्टी: दुपारी आराम, रात्री भटकंती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पेनबद्दल येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: तिथलं घड्याळ. संध्याकाळी सातला जेवायला गेलो तर स्वयंपाकघर बंद, रात्री अकराला क्लबमध्ये गेलो तर आत फक्त वेटर, आणि दुपारी चारला सेव्हिलच्या रणरणत्या रस्त्यावर टोपी घालून फिरणारे आपण एकटेच. ते घड्याळ जमलं की बाकीची सहल सोपी आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

स्पेनमध्ये सगळंच इतक्या उशिरा का?

माणसं आळशी आहेत म्हणून नाही. नकाशा काढून बघा: माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ मात्र बर्लिनचं वापरतं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली गेली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे अडीचला जेवायला बसणारा स्पॅनिश माणूस सूर्याच्या हिशेबाने अगदी वेळेवर जेवतो. जूनअखेर तिथे सूर्य मावळतो पावणेदहाला. उजेड असताना रात्रीचं जेवण कोण करेल?

मग आपला दिवस कसा आखायचा?

सकाळी मोठं ठिकाण एकच, तेही लवकर. अकराच्या सुमारास कॉफी आणि काहीतरी छोटं खाणं. दोन ते चार जेवण, आणि हेच दिवसाचं मुख्य जेवण. आठवड्याच्या कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागा: दोन पदार्थ, ब्रेड, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या दरात. स्पेनमध्ये पोटभर आणि स्वस्त जेवायचा याहून चांगला मार्ग नाही. त्यानंतर खोलीवर जाऊन चक्क आडवे व्हा. (शहरातले नोकरदार स्पॅनिश लोक दुपारी झोपत नाहीत, पण छोटी दुकानं दोन ते पाच बंद असतातच.) सहानंतर पुन्हा बाहेर, नऊ-साडेनऊनंतर जेवण.

अडचण आपल्याकडूनच येते. भारत स्पेनच्या पुढे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे पहिले दोन दिवस तुम्हाला पहाटे चारला जाग येईल आणि रात्री आठला डोळे मिटतील, म्हणजे नेमकं उलटं. रात्रीची मोठी तिकिटं पहिल्याच दिवशी काढू नका.

आठ-दहा दिवसांत काय काय बघावं?

दहा दिवस असतील तर माद्रिद, दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतातली सेव्हिल-कोर्दोबा-ग्रानादा ही त्रयी आणि शेवटी बार्सिलोना. आठच दिवस असतील तर बार्सिलोना सोडा. हे वाचून काही जण नाराज होतील, पण बार्सिलोना इतर युरोपसोबत पुन्हा कधीतरी जोडता येतं. आंदालुसियासाठी मुद्दाम जावं लागतं, आणि ‘स्पेन’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं बहुतेक तिथलंच आहे.

फिरायला जलदगती रेल्वे उत्तम. माद्रिद-सेव्हिल मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला. अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि कोर्दोबा त्याच वाटेवर आहे. सामान लॉकरमध्ये ठेवून कोर्दोबा दिवसात बघून पुढे जाता येतं. तिकिटं विमानासारखी, जितकी उशिरा तितकी महाग. स्टेशनवर सामान तपासतात, त्यामुळे अर्धा तास आधी पोहोचा.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

मे उत्तम. हवा सुखद असते आणि कोर्दोबात घरांच्या अंगणांचा महोत्सव असतो. फुलांच्या कुंड्यांनी भरलेल्या भिंती बघायला लोक खाजगी घरांत फिरतात. जुलै-ऑगस्ट सेव्हिल-कोर्दोबासाठी टाळा. पारा चाळीसच्या वर जातो, आणि नागपूरकरांनीही ‘आम्हाला सवय आहे’ म्हणून अंगावर घेऊ नये, कारण पर्यटक म्हणून तुम्ही दिवसभर चालणार असता. दिवाळीत दर उतरलेले आणि गर्दी कमी असते, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळ एकदम लहान होते. रात्रीच्या उघड्यावरच्या बैठकीची मजा थोडी कमी होते.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो, पण १५ दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट मिळवणं हेच खरं काम असतं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय सेवा केंद्राचं वेगळं. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं. अनेक देश फिरणार असाल तर जिथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा.

ग्रानादाच्या अलहंब्रा या किल्ला-महालाची तिकिटं मिळत नाहीत. काय करू?

विमानाचं तिकीट झालं की लगेच पुढचं काम हे, हॉटेलही नंतर. रोज आत सोडायच्या लोकांची संख्या ठरलेली असते आणि हंगामात तिकिटं बरीच आधी संपतात. तिकीट नावावर असतं, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. त्यावर छापलेली वेळ आतल्या नासरीद महालांमध्ये (सुलतानांच्या राजवाड्यात) शिरायची असते आणि ती चुकली तर महाल बघायला मिळत नाहीत. किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा मात्र दिवसभरात केव्हाही. पूर्ण बघायला तीन तास तरी लागतात आणि चढ-उतार आहे.

दिवसाचं तिकीट नसेल तर रात्रीचं बघा. महालांना रात्रीचीही भेट देता येते, गर्दी कमी असते, पाण्याच्या हौदातलं प्रतिबिंब दिव्यांत वेगळंच दिसतं. तेही नसेल तर समोरच्या आल्बाईसिन टेकडीवर सान निकोलासच्या कट्ट्यावर सूर्यास्ताला जाऊन बसा. फुकट आहे. १४९२ च्या २ जानेवारीला ग्रानादाच्या शेवटच्या सुलतानाने हे शहर सोडलं. समोर अलहंब्राचा डोंगर, मागे सिएरा नेवादा पर्वताचा बर्फ बघितला की त्याने काय सोडलं ते कळतं.

कोर्दोबात त्या एका मशिदीसाठी थांबायचं का?

हो. आठव्या शतकात बांधायला घेतलेली मशीद, तांबड्या-पांढऱ्या दुहेरी कमानींचं खांबांचं जंगल, आणि सोळाव्या शतकात त्याच्या बरोबर मध्ये उभं केलेलं कॅथेड्रल. एकाच छताखाली दोन धर्मांचा इतका अवघडलेला शेजार दुसरीकडे क्वचितच दिसेल. सकाळी अगदी लवकर जा, गटांच्या बस यायच्या आत.

माद्रिदची संग्रहालयं चित्रांत फारसा रस नसलेल्यांनी बघावीत का?

दोन चित्रांसाठी तरी बघा. प्रादोमध्ये वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ (१६५६) आणि रेना सोफियामध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ (१९३७). गेर्निका हे बास्क गाव यादवी युद्धात जर्मन आणि इटालियन विमानांनी बेचिराख केलं, त्यावरचं हे चित्र लोकशाही परतल्यावर, १९८१ मध्ये स्पेनला आलं. ते भिंतभर आहे हे छापील प्रत बघून लक्षात येत नाही.

प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ मोफत असतं. रांग मोठी असते, पण पटापट सरकते. रेना सोफिया मंगळवारी बंद.

बार्सिलोनात गर्दी आणि पर्यटकांविरुद्ध निदर्शनं आहेत म्हणे?

दोन्ही खरं. घरभाडी वाढली म्हणून स्थानिक चिडले आहेत, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात काही निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या होत्या. त्यापलीकडे तुम्हाला भीती बाळगायचं कारण नाही. परवाना असलेल्या हॉटेलात राहा, रात्री वस्तीच्या गल्लीत आवाज कमी ठेवा.

साग्रादा फामिलिया या चर्चचं काम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी वास्तुकार गौदीने ते हाती घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून तो गेला. काम अजून चालूच आहे. तिकीट ऑनलाइन आणि आधीच घ्या. उशिरा दुपारची वेळ निवडा, पश्चिमेकडच्या रंगीत काचांतून तेव्हा तांबडा-केशरी उजेड आत येतो.

खरा फ्लामेंको कुठे बघायचा?

सेव्हिल, हेरेस आणि ग्रानादा ही या गाण्या-नाचाची मूळ घरं, पण माद्रिदमध्येही उत्तम कलाकार असतात. ज्या छोट्या सभागृहात हा कार्यक्रम होतो त्याला ‘ताब्लाओ’ म्हणतात. माद्रिदचा ‘कोर्राल दे ला मोरेरिया’ १९५६ पासून चालू आहे. ग्रानादाच्या साक्रोमोन्तेतल्या गुहांमध्येही कार्यक्रम होतात, काही छान, काही निव्वळ बसभर पर्यटकांसाठी. निवडताना माझा निकष साधा आहे: जेवण नसलेला, माइक नसलेला, जेमतेम शंभर खुर्च्यांचा कार्यक्रम घ्या. जेवणाच्या ताटांचा खडखडाट आणि फ्लामेंको एकत्र चालत नाहीत.

हे नुसतं नृत्य नाही, हे आधी समजून घ्या. मूळ आहे ते गाणं. गिटार आणि पाय त्याच्यामागून येतात. गायक गळा फाडून रडतोय असं वाटेल आणि पहिली दहा मिनिटं तुम्ही अस्वस्थ व्हाल. थांबा. आपल्याकडे ज्याचा कान तालाला सरावलेला आहे त्याला एक धागा लगेच सापडतो: ‘सोलेआ’ आणि ‘बुलेरिया’ हे प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात चालतात आणि जोर साधारण ३, ६, ८, १० आणि १२ वर येतो. एकतालाच्या सवयीने पहिल्या मात्रेवर सम शोधायला जाल तर फसाल. इथे आवर्तन बाराव्या मात्रेवर मिटतं. एकदा ते पकडलं की नर्तकीच्या टाचांचं काम कथकच्या तत्कारासारखं मोजता येतं.

भारताशी धागा खराही आहे. फ्लामेंको घडवण्यात मोठा वाटा असलेला हितानो समाज हा रोमा लोकांचाच भाग, आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, हे भाषेच्या अभ्यासावरून दिसतं. पंधराव्या शतकात ते स्पेनला पोहोचले. म्हणून फ्लामेंको ‘आपलाच’ असं मात्र म्हणू नका. तो आंदालुसियात, अरबी, ज्यू आणि स्थानिक सुरांच्या सरमिसळीतून तयार झाला.

आणि ताल धरून टाळ्या वाजवू नका! टाळ्या हा त्यातला एक वाद्यमेळच आहे आणि तो कलाकारांचा. दाद द्यायची तर योग्य जागी ‘ओले’ म्हणा. योग्य जागा कळत नसेल तर शेजारचा म्हणेल तेव्हा.

रात्रीची मजा म्हणजे नक्की काय? आम्ही काही क्लबवाले नाही.

बहुसंख्य स्पॅनिश लोकही नाहीत. तिथली रात्र म्हणजे आधी चौकातली बैठक. आठ-नऊला एका बारमध्ये उभ्याने एक छोटी बिअर आणि एक तापा (खाण्याची छोटी बशी), मग पुढच्या बारमध्ये त्या घराचा खास पदार्थ, असं तीन-चार ठिकाणी फिरणं. एकाच टेबलावर बसून सगळा मेनू मागवू नका, तिथेच चुकतं. माद्रिदमध्ये ला लातीना भागातली कावा बाखा गल्ली यासाठी प्रसिद्ध. ग्रानादात प्रत्येक पेयासोबत तापा फुकट मिळतो. सेव्हिल आणि बार्सिलोनात पैसे पडतात. सांग्रिया पर्यटक पितात, स्थानिक उन्हाळ्यात ‘तिंतो दे व्हेरानो’ मागवतात: रेड वाइन आणि लिंबू सोडा, हलकं आणि स्वस्त.

बारानंतर ज्यांना पुढे जायचंय ते बारमध्ये, आणि क्लब खऱ्या अर्थाने भरतात ते दोननंतर. ते सहाच्या सुमारास बंद होतात. वय १८ पूर्ण हवं आणि ओळखपत्र लागतं. प्रवेश शुल्कात अनेकदा एक ड्रिंक धरलेलं असतं. चपला, हाफ पँट घालून गेलात तर दारावरून परत पाठवतील. माद्रिदमध्ये मालासान्या तरुण आणि थोडा बंडखोर भाग, चुएका एलजीबीटी समाजाचा आणि सगळ्यांचं स्वागत करणारा, उएर्तास विद्यार्थी-पर्यटकांचा. माद्रिदची मेट्रो रात्री दीडला बंद होते, त्यानंतर सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात. बार्सिलोनाची मेट्रो शनिवारी रात्रभर चालते.

आणि क्लबमध्ये पाऊल न टाकताही पहाटेचा कार्यक्रम जमतो: माद्रिदच्या ‘सान हिनेस’मध्ये (१८९४ पासून) घट्ट चॉकलेटमध्ये बुडवून चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या. एका टेबलावर पार्टीहून परतणारे, शेजारी कामावर निघालेले.

दारू पीत नाही. कंटाळा येईल का?

अजिबात नाही. बिनअल्कोहोलची बिअर (‘सेर्वेसा सिन’) जवळपास प्रत्येक बारमध्ये असते, ‘मोस्तो’ हा द्राक्षाचा रस मिळतो, आणि काय पिताय याकडे कुणी बघत नाही. उलट धुंद होऊन आरडाओरडा करणाऱ्याकडेच तिथे तुच्छतेने बघतात.

सोबत लहान मुलं आणि आई-बाबा आहेत. रात्री बाहेर पडता येईल?

रात्री अकराला चौकात आजीआजोबा बाकावर आणि नातवंडं फुटबॉल खेळताना दिसतील. मुलांना दुपारी झोपवा म्हणजे झालं. आई-बाबांसाठी एकच सूचना: जुन्या शहरांत गोटे बसवलेले रस्ते असतात, बूट चांगले हवेत. सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यावर मात्र त्यांनाही न्या; आत पायऱ्यांऐवजी उतार आहेत, कारण पूर्वी, तो मशिदीचा मिनार होता तेव्हा, बांग देणारा घोड्यावरून वर जात असे.

मी मुलगी, एकटी जाणार आहे. रात्री सुरक्षित आहे का?

मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती भागात रस्ते उशिरापर्यंत गजबजलेले असतात, आणि तेच मोठं संरक्षण. ग्लास डोळ्यांआड ठेवू नका, परत येताना अधिकृत टॅक्सी घ्या. आणीबाणीचा क्रमांक ११२.

आम्ही शाकाहारी आहोत. खरंच हाल होतात का?

होत नाहीत, पण बेसावध राहिलात तर होतील. स्पेनमध्ये डुकराचं खारवलेलं मांस (‘खामोन’) अनेकांच्या लेखी मांसात धरलंच जात नाही, ते चवीपुरतं मिठासारखं पडतं. मिश्र सॅलडवर ट्यूना असतो, क्रोकेतास या तळलेल्या वड्यांमध्ये खामोन, कडधान्याच्या रश्शात हाडं किंवा चोरिझो (डुकराचं मसालेदार सॉसेज). म्हणून नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ म्हणजे मांस, मासे, खामोन नको, असं तिन्ही सांगा. अंडं नको असेल तर ‘सिन वेवो’ही. हे स्पॅनिशमध्ये फोनवर लिहून ठेवा आणि वेटरला दाखवा.

मागवा काय? सेव्हिलची पालक-छोले भाजी, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’: जिरं-लसणाची, पोळी असती तर बहार आली असती. कोर्दोबात मध घातलेली तळलेली वांगी. पाद्रोनच्या भाजलेल्या हिरव्या मिरच्या, ज्यांतली एखादीच तिखट निघते. पातातास ब्राव्हास (तिखट सॉसमधले तळलेले बटाटे), टोमॅटो चोळलेला ब्रेड, गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप. त्याचाच दाट भाऊ सालमोरेखो, पण वरचं अंडं-खामोन काढायला सांगा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया सगळीकडे, कुठल्याही वेळी. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी. डाळ-भाताची आठवण अनावर झाली तर माद्रिदच्या लावापिएस आणि बार्सिलोनाच्या राव्हाल भागात उपखंडातली दुकानं आणि खाणावळी आहेत.

आणि पाएया?

तो व्हॅलेन्सियाचा भाताचा, आणि दुपारचा पदार्थ. मूळ कृतीत कोंबडी, ससा आणि शेंगा असतात. रात्री दहाला, दारात फोटो लावून विकला जाणारा पाएया सरळ टाळा.

टोमॅटोंची होळी आणि बैलांपुढे धावणं, सिनेमात बघितलं तसंच करायचंय.

२०११ च्या त्या हिंदी सिनेमानंतर हा प्रश्न थांबलेलाच नाही. ‘तोमातिना’ ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल गावात. २०१३ पासून तिकीट आहे. खेळ तासाभराचाच. टोमॅटो फेकण्याआधी चुरगळायचा, हा नियम. पोहण्याचा चष्मा आणि टाकून देण्यासारखे कपडे न्या.

पाम्प्लोनाचा सान फेर्मिन उत्सव ६ ते १४ जुलै, बैलांची धाव ७ तारखेपासून रोज सकाळी आठला. साडेआठशे मीटरच्या वाटेवर, तीन मिनिटांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १६ जणांचा जीव गेला आहे. माझं मत विचाराल तर धावू नका. बाल्कनी भाड्याने मिळते, तिथून बघा. गोव्याच्या मंडळींनी पाम्प्लोनापर्यंत गेलंच तर आणखी ५० किलोमीटर जाऊन खाविएरचा किल्ला बघावा. जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये याच किल्ल्यात जन्मले.

दहीहंडीसारखं काही तिथे असतं म्हणे?

बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रांतातले ‘कास्तेल’, माणसांचे मनोरे. बार्सिलोनात २४ सप्टेंबरच्या आसपासच्या ‘मेर्से’ उत्सवात दिसतात. सम वर्षांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारागोनात मोठी स्पर्धा होते. दहा थरांपर्यंत मजल जाते. सर्वांत वर हेल्मेट घातलेलं मूल चढतं आणि एक हात वर करतं. आपल्या गोविंदांनी बघण्यासारखी गोष्ट पुढची आहे: मनोरा लावून भागत नाही, तो न कोसळता थराथराने उतरवला तरच पूर्ण गुण. खाली शेकडो माणसांची घट्ट गर्दी छातीला पाठ लावून उभी असते, आणि पाहुण्यांनाही कधी कधी त्यात बोलावतात. बोलावलं तर जा.

बैलांची झुंज बघावी का?

मी सुचवणार नाही. शेवटी बैल मारला जातो आणि ते वीस मिनिटं डोळ्यांसमोर चालतं. वास्तू बघायची असेल तर रोंदाचं अठराव्या शतकातलं रिंगण दिवसा तिकीट काढून बघता येतं.

इबिझा घ्यावं का?

जगप्रसिद्ध डीजे ऐकायचेच असतील तर, आणि खिशाची तयारी असेल तर. मोठे क्लब साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर चालतात. सांत आंतोनीसारख्या भागांत रस्त्यावर दारू पिण्यावर मोठा दंड आहे. कुटुंबासोबत असाल तर बेटाची तटबंदीची जुनी वस्ती, दाल्त व्हिला, संध्याकाळी फिरा.

खिसेकापूंचा खरंच इतका त्रास आहे?

बार्सिलोनाची राम्ब्ला, मेट्रो आणि माद्रिदचा रविवारचा रास्त्रो बाजार इथे हो. मारामारी नाही, हातचलाखी. मोबाइल कॅफेच्या टेबलावर ठेवू नका, पासपोर्ट शक्यतो हॉटेलात आणि प्रत जवळ. ग्रानादा-सेव्हिलला कॅथेड्रलपाशी बायका हातात रोझमेरीची डहाळी देतात आणि मग हात बघून पैसे मागतात. हात मागे घ्या, हसा, चालू पडा.

पैसे कसे न्यावेत? टिप?

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो. कार्ड मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर कायम युरो. टिप सक्तीची नाही. सुट्टे ठेवले तरी पुरे.

खरेदीवरचा कर परत मिळतो का?

मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म मागा. खरेदीची किमान रक्कम स्पेनमध्ये नाही. निघताना विमानतळावर ‘दिवा’ (DIVA) नावाच्या करपरताव्याच्या यंत्रावर तो स्कॅन करायचा, आणि हे मोठी बॅग चेक-इन करण्याआधी, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. परतीचा मार्ग युरोपातल्या दुसऱ्या देशातून असेल तर शिक्का युरोपीय संघ सोडताना, त्या शेवटच्या विमानतळावर घ्यायचा.